चिलटांच्या नावावर

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि चिलटं पाळते. काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंघावतात, ताकाच्या भांड्यात पडून मरतात, तीच. कुणी विचारलं की आई सांगते, "लोक गाई पाळतात, कोंबड्या पाळतात. आमच्या मुलीनं चिलटं पाळलीन." बागायतदार भेटले की आशेने विचारतात, आंब्यात अळी होते त्यावर तुमच्याकडे काही निघालं का. ती माशी वेगळी आणि माझी वेगळी, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण या लोकांचा मला राग नाही. ते विचारतात, ऐकतात, आपल्या कामाचं नाही म्हटल्यावर सोडून देतात. राग आहे तो ज्यांनी माझं ऐकलं, अर्धंच उचललं आणि माझ्या घरातल्या एका बाईच्या डोक्यात नेऊन घातलं, त्यांच्यावर. तो राग अजून गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पेशीत डीएनए असतो हे शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यातला हवा तेवढा मजकूर पेशी उतरवून घेते. ती उतरवलेली नक्कल म्हणजे आरएनए. त्या नकलेवरून प्रथिनं बनतात. मज्जापेशींमध्ये एक विकर असतं, एन्झाइम, ते या नकलेतली काही ठरावीक अक्षरं बदलून टाकतं. मूळ प्रत तशीच राहते, बदल फक्त नकलेत होतो. एखाद्या अक्षराने प्रथिन किंचित वेगळं होतं. यातली पुष्कळशी प्रथिनं म्हणजे मज्जातंतूंतून संदेश जाऊ देणारी दारं असतात. दार किती वेळ उघडं राहायचं, किती चटकन मिटायचं, हे एवढ्याशा फरकाने हलतं. याला आरएनए संपादन म्हणतात. माणसांतही ते आहे, पण प्रथिनं बदलणारी अशी ठिकाणं चिलटांच्या मेंदूत रगड सापडतात, म्हणून आम्ही चिलटांच्या मागे.

पुण्याला मी पीएच.डी. केली ती हे विकर नसलेल्या माश्यांवर. त्या माश्या दिसायला अगदी धड असतात. पंख, डोळे, पाय, सगळं जागच्या जागी. पण चालायला लागल्या की लटपटतात. नीट उडत नाहीत. नर मादीकडे ढुंकून बघत नाहीत. पुढच्या पायांनी सारखं अंग साफ करत बसतात, करतच बसतात. गरम झालं की लुळ्या पडतात, आणि वय झालं की मेंदूला भोकं पडतात. नक्कल दुरुस्त करणारं एक विकर नाही, एवढंच कारण.

नोकरी रत्नागिरीला मिळाली तेव्हा गाइडनी यातल्या काही माश्या मला नळ्यांतून दिल्या. कॉलेजच्या मागच्या बाजूला जांभ्याच्या भिंतींची एक खोली होती, तिला एसी बसवून घेतला, कारण इथला उन्हाळा त्या माश्यांना सोसणारा नव्हता. जोडीला मी इथलीच रानटी चिलटं धरायला लागले. काजूची बोंडं कुजायला ठेवायची, वर बाटली उपडी करायची. उष्णतेने हे संपादन कमीजास्त होतं हे माहीत होतं. आमच्या चैत्रातल्या घामट गरमीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माश्यांत ते कसं होतं, हा माझा प्रश्न. छोटासाच प्रश्न, पण माझा.

आता घर. दादा मर्चंट नेव्हीत आहे, वर्षातला मोठा भाग बोटीवर. घरात आई, मी, वहिनी आणि वहिनीची मुलगी. तिला आम्ही बाय म्हणतो. वहिनी सावर्ड्याची. बँकेत होती. पोटात बाय असताना शेवटच्या महिन्यापर्यंत ती कामाला जात होती, आणि तो काळ तिला सोपा गेला नाही. दादा बोटीवर, बँकेत मार्चची घाई, पाय सुजलेले. घरी येऊन ती न्हाणीघरात रडायची. मला ऐकू यायचं.

त्या वेळी शहरात गर्भसंस्काराचे वर्ग जोरात होते. चालवणाऱ्या बाई आमच्या संस्थेच्या नियामक मंडळावरच्या एका गृहस्थांची बहीण. आईच्या ओळखीच्या सगळ्या सुना तिथे जात. वहिनी दोनदा गेली आणि म्हणाली, "मला तिथे झोप येते. घरीच झोपते ना मग." आईला ते लागलं होतं, पण तेव्हा ती काही बोलली नाही.

बाय जन्मली ती छान होती. दूध प्यायची, हसायची. मग एक दिवस मांडीवर असताना तिचे दोन्ही हात झटकन वर आले, मान खाली गेली. परत. परत. वहिनी म्हणाली, "दचकली." मी ते पाहत होते. दचकणं असं एकामागून एक येत नाही. इथले डॉक्टर, मग कोल्हापूर, मग मुंबई. झटके होते. औषधं सुरू झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला सांगितली. रक्त गेलं, अहवाल आला, त्यात निश्चित असं काहीच सापडलं नाही. वहिनीने मला विचारलं, "तुझ्या माश्यांसारखं असेल का?" मी म्हटलं, माणसांत क्वचित तशी मुलं सापडली आहेत, पण बायच्या तपासणीत ते दिसलेलं नाही. मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही.

'माहीत नाही' हे उत्तर घरात कुणाला चालत नव्हतं. नातेवाईक येत, बायकडे बघत, वहिनीकडे बघत. कुणी विचारी, दिवस असताना ग्रहण पाळलं होतं ना? कुणी विचारी, बँकेत कॉम्प्युटरसमोर बसायची ना ही? आणि आई, जिच्यावर माझा जीव आहे, ती एकदा पोहे परतता परतता हळूच म्हणाली, "वर्गाला गेली असती तर काय बिघडलं असतं हिचं?" वहिनी पलीकडच्या खोलीत बायला भरवत होती. मी आईवर ओरडले. आई म्हणाली, "मी काय वाईट बोलले?" तेच तर. तिला वाटत होतं ती काही वाईट बोललीच नाही.

त्याच वर्षी कॉलेजने माझं एक जाहीर व्याख्यान ठेवलं. गावातल्या लोकांना कळेल असं बोला, म्हणाले. मी मन लावून तयारी केली. लटपटणाऱ्या माश्यांची फिल्म दाखवली, लोक हसले, मग का लटपटतात ते सांगितल्यावर गप्प झाले. शेवटी मी म्हटलं, "जनुकांत लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं जातंच असं नाही. मेंदूत ते बदलून वाचलं जातं, आणि परिसराचा परिणाम या बदलापर्यंत पोचतो." आणि त्याला लागूनच म्हटलं, "पण हे मी माश्यांच्या तापमानाबद्दल बोलते आहे. यावरून गरोदर बाईने काय विचार करावेत हे कुणी सांगायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा." हे मी मुद्दाम म्हटलं होतं. घरात काय चाललंय ते मला दिसत होतं ना.

वर्गाच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. नंतर येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती सुंदर बोललात!"

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं आता लोक म्हणतात. का कळायला हवं होतं? मी समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर सांगितलं होतं, मराठीत सांगितलं होतं.

पुढे काही आठवड्यांनी वहिनी बायला घेऊन माहेरी गेली. काही दिवस राहून येते म्हणाली. आईला वाटलं हवापालट. पण वहिनीचा फोन येईना, आणि मी केला की ती दोन शब्दांत बोलून आईला दे म्हणायची. आम्ही दोघी तशा नव्हतो. बायच्या औषधाची वेळ, दादाचा राग, बँकेतल्या गमती, सगळं आमचं एकमेकींत. दिवस उलटायला लागले तशी मी एका रविवारी एसटी धरून सावर्ड्याला गेले.

ती पडवीत बसली होती, बाय मांडीवर. मला बघून उठली नाही. तिची आई चहा ठेवायला आत गेली. मी म्हटलं, "काय झालंय? आई काही बोललीन का?"

"आईंचं मला सवयीचं झालंय."

"मग?"

तिने फोन उचलला, काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला. त्यात मी होते. व्याख्यानाच्या त्याच साडीत, हात हलवत. मागे बासरी वाजत होती. "मेंदूत ते बदलून वाचलं जातं, आणि परिसराचा परिणाम या बदलापर्यंत पोचतो." तिथे मी कापली गेले होते. मग हसऱ्या बाळाचा फोटो आणि खाली ओळ: आता विज्ञानही म्हणते, आईचे विचार घडवतात बाळाचा मेंदू. माझं नाव, पदवी, कॉलेज. नवीन बॅचचा फोन नंबर.

"हे मी म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

"तूच आहेस ना?"

"मीच आहे. पुढचं वाक्य कापलंय. मी पुढे म्हटलं होतं की..."

"ते यात नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला हे चार जणींनी पाठवलं. मावशीने पाठवलं, खाली हात जोडलेले. मला वाटलं, इतर सगळ्या बोलत होत्या तेव्हा ही एकटी म्हणत होती की तुझं काही चुकलं नाही. आणि मग बाहेर जाऊन लोकांना हे सांगते. म्हणजे मला बरं वाटावं म्हणून घरात खोटं बोलत होती."

राग असा आला की कान तापले. पण समोर ती होती, आणि राग तिच्यावर नव्हता, त्यामुळे तो कुठे ठेवावा कळेना. मी तिला पहिल्यापासून समजावलं. माशीच्या अंड्यात, अळीत हे संपादन फार थोडं असतं, ते वाढतं कोषात आणि पुढे मोठ्या माशीत. माशीची आई कुजक्या फळावर अंडं घालून उडून जाते, पोर कोषातून निघेपर्यंत ती जिवंत आहे की नाही हेसुद्धा कुणाला ठाऊक नसतं. कुठलं अक्षर बदलायचं ते नकलेची घडी कशी पडते त्यावर ठरतं. ती घडी आईच्या रडण्याने मोडत नाही. वहिनी ऐकत होती. बायने तिचा पदर तोंडात घातला होता.

"मी न्हाणीघरात रडायचे," ती शेवटी म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मी रोज हिशेब लावते, कुठल्या दिवशी रडले आणि तेव्हा हिचं काय बनत असेल."

हे वाक्य मी आजही कुणाला सांगायला गेले की माझा आवाज बदलतो. एका शिकल्यासवरल्या बाईने रोजच्या रोज स्वतःला फासावर चढवायचं, आणि दोर कुठला, तर माझा.

संध्याकाळच्या गाडीने मी एकटीच परत आले. वहिनी म्हणाली, येईन, पण आत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी सरळ माळनाक्याजवळ ते वर्ग भरायचे त्या हॉलवर गेले. वर्ग चालू होता. गाद्यांवर बायका भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे मिटलेले, तानपुऱ्याची रेकॉर्ड चालू. व्यासपीठाशेजारी फ्लेक्स, त्यावर मी. वर्गाच्या बाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं मी भेटायला आले आहे.

"या, या मॅडम! बघा गं, कोण आलंय!"

"हा फ्लेक्स काढा," मी म्हटलं. "आणि ती क्लिप."

"अहो, का? किती जणींना आधार मिळाला तुमच्या बोलण्याने!"

"माझं बोलणं तुम्ही अर्धं कापलंत. उरलेल्या अर्ध्यात मी तुमच्याबद्दलच बोलले होते."

त्या हसल्या. तसं गोड हसणं मला जमत नाही, जमायलाही नको. "मॅडम, तुम्ही शास्त्रज्ञ, तुम्ही सावधपणे बोलणार. भाव तर तोच आहे ना? परिसराचा परिणाम होतो. आईपेक्षा मोठा परिसर कुठला?"

"मी माश्यांच्या नळीच्या तापमानाबद्दल बोलत होते."

"सगळं एकच असतं हो."

माझा आवाज चढला. मला चढू द्यायचा नव्हता. रस्त्यात मनाशी घोकत आले होते की शांत बोलायचं, पण ते 'सगळं एकच असतं' ऐकल्यावर सुटलंच. मी म्हटलं, एकच असतं तर तुमची गरज काय, तापमान सांभाळायला फ्रीज विका. बायका डोळे उघडून बघायला लागल्या. तेव्हा मी बाईंना सोडून त्यांच्याकडे वळले. माझं व्याख्यान कशावर होतं ते सांगितलं. कापलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. म्हटलं, "इथे येऊन बरं वाटत असेल तर खुशाल या. गाणी ऐका, पाय ताणा. पण माझ्या फोटोखाली जे लिहिलंय ते धादांत खोटं आहे. उद्या कुणाचं मूल आजारी निघालं तर तिच्या विचारांमुळे निघालं, असं म्हणायला तुम्हाला माझं नाव वापरता येणार नाही."

एक अगदी तरुण मुलगी, पहिलटकरीण असावी, हात वर करून म्हणाली, "मॅडम, आमचे हे आखातात असतात. मला रोज रडू येतं. मग बाळाला काही होणार नाही ना?"

वर्गाच्या बाई म्हणाल्या, "म्हणून तर आपण सकारात्मक..."

"तिने मला विचारलंय," मी म्हटलं. आणि त्या मुलीला म्हणाले, "रडण्याने बाळाच्या मेंदूची अक्षरं बदलतात असं मला माहीत असलेल्या शास्त्रात कुठेही नाही. पण रोज रडू येत असेल तर डॉक्टरांना सांग. बाळासाठी नाही, तुझ्यासाठी. तुला त्रास होतोय म्हणून."

ती मान हलवत राहिली. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. मी फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले. एकटीला तो आवरेना, अर्धा अंगावर आला, एक दांडी खुर्चीवर आपटली. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. तो ओढत मी जिन्यावरून खाली आणला आणि रिक्षात कोंबला. रिक्षावाला म्हणाला, "ताई, तुमचाच फोटो हा." मी म्हटलं, "होय, म्हणूनच."

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. निवृत्ती जवळ आलेली, मान वाकवून दिवस काढणारा. समोर खुर्ची दाखवून म्हणाले, "तुम्ही तिथे गोंधळ घातलात म्हणे."

"माझ्या नावाने खोटी जाहिरात केली होती, सर. कॉलेजच्याही नावाने."

"ते खरं. पण गरोदर बायकांसमोर आरडाओरडा? कुणाला काही झालं असतं तर?" मग आवाज खाली आणून, "एक पत्र द्या. दिलगिरी व्यक्त करतो, एवढंच. मंडळाचं समाधान होईल."

"मग त्यांचं पत्र?"

"कुणाचं?"

"माझं वाक्य कापणाऱ्यांचं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुम्हाला इथे नोकरी करायची आहे. मी तुमच्या भल्याचं सांगतो." आमच्याकडे बाईला दाबायचं असलं की असंच भल्याचं सांगतात. मी पत्र दिलं नाही. स्टाफरूममध्ये एक सहकारी चहा ढवळत म्हणाला, "एडिटिंग शिकवता शिकवता तुमचंच एडिटिंग झालं की!" सगळे हसले. दोघीतिघी माझ्या बाजूच्या होत्या, त्याही हसल्या. मी कप तसाच ठेवून वर्गावर गेले.

व्याख्यानाचं चित्रीकरण कॉलेजच्या माणसाने केलं होतं. ते अख्खं त्याच्याकडून मिळवलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, वहिनीच्या मावशीलाही पाठवलं. कुणी पाहिलं नाही. फार लांब होतं. मावशीचं उत्तर आलं, "छान. शुभ सकाळ." वहिनीने मात्र पाहिलं. तिने मला काही कळवलं नाही. पुढच्या शनिवारी ती बायला घेऊन थेट कॉलेजात आली, पिशवी खांद्याला, एसटीतून उतरलेली तशीच.

"दाखव मला त्या माश्या," ती म्हणाली.

मी खोली उघडली. बायला मी घेतलं. वहिनी सूक्ष्मदर्शीवर वाकली. आधी धडधाकट माश्या दाखवल्या, मग त्या. एक माशी नळीच्या काचेवर चढायला बघत होती, थोडी चढली की पाय सटकत होते. बाजूला दुसरी डोकं पुसत होती, थांबतच नव्हती.

वहिनीने विचारलं, "यांच्या आयांनी काय केलं होतं?"

"काही नाही. त्यांच्या आया ठणठणीत असतात. खातात, उडतात, अंडी घालतात. जनुकाच्या दोन प्रतींतली एक मोडकी, पण दुसरीवर त्यांचं भागतं. ते त्यांनाही ठाऊक नाही."

"आणि तू मुद्दाम वाढवतेस अशा?"

"हो."

"पुरे," ती म्हणाली आणि मागे सरली. "नाही बघवत मला." बायला तिने माझ्याकडून घेतलं. मला वाटलं होतं तिला यातून काही दिलासा मिळेल. तसं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. दारात मात्र थांबून म्हणाली, "त्या बाईंना हे कधी दाखवलंस?"

"त्यांनी व्याख्यानात पाहिलंय."

"मग तर जास्तच वाईट," वहिनी म्हणाली. त्या दिवसापासून ती घरी राहिली.

उन्हाळा लागायच्या सुमाराला माझ्या खोलीतला एसी काढून परीक्षा विभागात बसवला. लेखी आदेश होता, कारणही होतं, उत्तरपत्रिकांना दमट हवा चालत नाही म्हणे. मी प्राचार्यांना भेटले, मंडळाला अर्ज केला, कुणी नाही म्हटलं नाही, बघू म्हटलं. सगळेच बघू म्हणत राहिले आणि खोली तापत गेली. लटपटणाऱ्या माश्या आधी लुळ्या पडल्या. सकाळी दार उघडलं की नळ्यांच्या तळाशी खाद्याला चिकटलेल्या दिसायच्या. उरलेल्या मी थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून पुण्याला नेऊन दिल्या. गाइड म्हणाले, "परत ने सावकाश, सांभाळतो." पण त्या हंगामाचं काम गेलं ते गेलंच. गरमीतल्या माश्यांचा प्रश्न आणि तो गरमीतच बुडाला. इथल्या रानटी चिलटांना काही झालं नाही. ती माझ्या रिकाम्या खोलीत मजेत फिरत होती.

फ्लेक्सवरून माझा फोटो गेला, पण 'विज्ञानाने सिद्ध' गेलं नाही. वर्ग भरतात. क्लिप अजून फिरते. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या बहिणीने मला कौतुकाने दाखवली. मी दर वेळी पुढचं वाक्य सांगते. दर वेळी समोरच्याचा चेहरा जरासा पडतो, मी त्यांच्या हातातलं काही काढून घेतल्यासारखा.

बायचं औषध मध्यंतरी बदललं. झटके कमी झालेत, बंद नाहीत. ती उशिरा बसली, आता धरून उभी राहते. आरे-वारेला समुद्रावर नेली तर लाटेचा आवाज आला की हात वर करते, आणि आम्ही दोघी अजूनही आधी तिच्या मानेकडे बघतो, मग हसतो.

यंदा संक्रांतीनंतर शेजारच्या आळीत हळदीकुंकू होतं. आई आणि वहिनी गेल्या होत्या, मी पेपर तपासत घरी. दोघी लवकर परत आल्या. आईचा श्वास लागला होता आणि चेहरा लाल. मी विचारलं, "काय झालं गो?"

आई म्हणाली, "तिथल्या एका शिक्षकांची बायको. हिला म्हणते, 'पुढच्या खेपेला तरी वर्ग चुकवू नकोस हो.' हिच्या हातात वाण होतं. ते हिनं खाली ठेवलंन. आणि काय बोललीन ऐक."

वहिनी चपला कोपऱ्यात सारत होती. "जाऊ दे ना, आई."

"जाऊ दे काय! म्हणाली, 'माझ्या मुलीला का झालं ते मला माहीत नाही. मुंबईच्या डॉक्टरांना माहीत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर मुंबईला जाऊन त्यांना सांगा. मला परत सांगाल तर मी तुमच्या घरी पाऊल ठेवणार नाही.' भर बायकांत! मग मीही उठले. म्हटलं, माझी सून बरोबर बोलते."

पोहे परतता परतता बोललेलं आईला आठवत असेल का, मी विचारलं नाही. ती तशीच पदराने वारा घेत बसली. वहिनी आत बायकडे गेली. आणि मला एवढाच राग आला, की मी तिथे नव्हते.